जोडी जुळण्याचे भाकीत

दोन माणसांचे एकमेकांशी पटेल की नाही हे ती एकत्र राहण्याआधी सांगता येते का, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक मोजमापाची: आज हाती असलेल्या पद्धतींनी असे भाकीत कितपत खरे ठरते? दुसरी तत्त्वज्ञानाची: जे सांगायचे आहे, ते सांगण्याच्या वेळी मुळात अस्तित्वात असते का? पहिल्या बाजूवर गेल्या नव्वद वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. दुसरीकडे फारसे कोणी वळत नाही. पण पहिलीचे निष्कर्ष नीट लावून पाहिले की ते दुसरीच्याच दारात आणून सोडतात.

भाकीत कशाचे करायचे हेही आधी ठरवावे लागते. पहिल्या भेटीत वाटणारी ओढ, दहा वर्षांनंतरचे संसारातले समाधान आणि लग्न टिकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढ विरून जाते हे सर्वांना ठाऊक असते, आणि समाधानाचा लवलेश नसताना पन्नास वर्षे टिकलेली लग्नेही भारतात कमी नाहीत. भाकिताचा दावा करणारे बहुधा या तिन्हींपैकी सोयीची एक मोजतात आणि बोलतात मात्र तिन्हींबद्दल.

जोडी आधीच ठरलेली असते, ही समजूत विज्ञानाहून कितीतरी जुनी आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिस एक कथा सांगतो. माणसे पूर्वी दुप्पट देहाची होती, देवांनी त्यांना मधोमध कापले आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपला उरलेला अर्धा भाग शोधत फिरतो. अ‍ॅरिस्टोफेनिस विनोदी नाटककार होता, हे ही कथा गंभीरपणे सांगणारे सहसा विसरतात. ज्यूंच्या तलमूदमध्ये असे वचन आहे, की गर्भ आकाराला येण्याच्या चाळीस दिवस आधी कोणाची मुलगी कोणाला जाणार याची आकाशवाणी होते. त्याच चर्चेत लगेच दुसरे मतही येते: जोडीदार माणसाच्या कर्मानुसार मिळतो. दोन्हींचा मेळ घालताना तिथल्या पंडितांनी पहिले मत पहिल्या विवाहाला लावले आणि दुसरे पुनर्विवाहाला.

हिंदू समाजात हीच जागा ऋणानुबंधाच्या कल्पनेने घेतली. मागल्या जन्मीचे देणे-घेणे फिटावे म्हणून माणसे या जन्मी एकत्र येतात, असे ती मानते. ऋण फेडायला आलेली माणसे सुखात राहतील असे मात्र ती कुठेच म्हणत नाही. सुखाचा संसार आणि जाचाचा संसार दोन्ही तिच्यात बसतात. म्हणजे जोडी ठरलेली असणे आणि जोडीचे पटणे या गोष्टी परंपरेनेही वेगळ्याच ठेवल्या. जोडी ठरलेलीच असेल तर पत्रिका कशाला पाहायची, या शंकेचे उत्तरही परंपरेत आहे. कार्य दैव आणि पुरुषकार या दोहोंनी सिद्धीस जाते, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पत्रिका पाहणे हा त्यातला पुरुषकाराचा भाग झाला.

गुणमेलनात वधूवरांच्या जन्मवेळी चंद्र कोणत्या राशीत आणि नक्षत्रात होता एवढेच पाहिले जाते. वर्णाचा १ गुण, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशीकूटाचे ७ आणि नाडीचे ८, असे एकूण ३६. अठराच्या खाली आकडा गेला की स्थळ सहसा पुढे सरकत नाही, आणि एकनाड निघाली तर बाकीचे गुण कितीही असोत, घरातली मोठी माणसे बिचकतात. या पद्धतीची एक गोष्ट मान्य करावी लागते: तिचे नियम ठरलेले आहेत, म्हणून ती तपासता येते. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. तेव्हा त्या दिवसात जन्मलेल्या जगातल्या सगळ्या मुलांचे एखाद्या मुलीशी जवळपास सारखेच गुण जुळणार, मग ती मुले पैठणची असोत की पेरूची. सत्तावीस नक्षत्रे तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटलेली आहेत. म्हणून कोणतीही दोन माणसे घेतली तरी साधारण तीनांत एकदा एकनाड निघणारच. पत्रिका न पाहता झालेली लग्ने महाराष्ट्रात भरपूर आहेत. एकनाडीचा दोष खरा असता तर त्यांतला तिसरा हिस्सा उघड्या डोळ्यांना वेगळा दिसायला हवा होता.

फलज्योतिषाची रीतसर चाचणी महाराष्ट्रात झाली ती विवाहाबद्दल नव्हती, पण तिची पद्धत इथेही उपयोगी आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांत १०० हुशार विद्यार्थ्यांच्या होत्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून ठरवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. गुणमेलन तरीही टिकून आहे, कारण त्याला भाकिताखेरीज दुसरे काम आहे: ‘पत्रिका जुळत नाही’ हे कोणाचाही अपमान न करता नकार देण्याचे सर्वमान्य कारण आहे.

सामाजिक शास्त्रांनी हा प्रश्न हाती घेतला तो १९३० च्या दशकात. लुईस टर्मन याने कॅलिफोर्नियातील ७९२ जोडप्यांचा अभ्यास १९३८ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बर्जेस आणि लेनर्ड कॉट्रेल यांनी इलिनॉयमधील ५२६ जोडप्यांचा. दोघांची रीत सारखी होती. लांबलचक प्रश्नावल्या द्यायच्या, वैवाहिक समाधानाला गुण द्यायचे आणि ते पार्श्वभूमीतल्या कोणत्या गोष्टींबरोबर वाढतात ते पाहायचे. आईवडिलांचा संसार सुखाचा असणे आणि स्वतःचे बालपण आनंदात गेलेले असणे, या गोष्टी पुढे आल्या. त्यात उणीव अशी होती की माहिती बहुतांशी लग्नानंतर विचारलेली होती, आणि सुखी माणसाला बालपणही सुखाचे आठवते.

ही उणीव लोवेल केली याच्या अभ्यासात नव्हती. त्याने १९३० च्या दशकाच्या मध्यावर, वाङ्‌निश्चय झालेली पण लग्न न झालेली ३०० जोडपी निवडली आणि त्यांचा मागोवा १९८० च्या सुमारापर्यंत घेतला गेला. १९८७ साली केली आणि कॉनली यांनी निष्कर्ष मांडले. लग्न मोडण्याशी किंवा असमाधानाशी ठळक संबंध दिसला तो तीन गोष्टींचा: नवऱ्याचा चिंतातुर, चटकन बिथरणारा स्वभाव, बायकोचा तसाच स्वभाव आणि नवऱ्याचा स्वतःच्या ऊर्मींवर ताबा नसणे. या तिन्ही गोष्टी एकेकट्या माणसाच्या आहेत. ज्याला चिंतेने ग्रासले आहे तो कोणाबरोबरही राहिला तरी संसार जड जाण्याची शक्यता अधिक, एवढेच त्यातून निघते. अमुक पुरुष आणि तमुक स्त्री यांचे विशेष पटेल का, याबद्दल अर्धशतकाची ही नोंद काही सांगत नाही.

नेमके जोडीकडेच पाहिले ते सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन गॉटमन याने. नवराबायकोंना प्रयोगशाळेत बसवून एखाद्या वादाच्या विषयावर बोलायला लावायचे, चेहऱ्यावरचे भाव टिपायचे, नाडीचे ठोके मोजायचे, आणि काही वर्षांनी कोण वेगळे झाले ते पाहायचे. टोचून दोष काढणे, तुच्छता दाखवणे, लगेच स्वतःचा बचाव करणे आणि तोंड मिटून भिंत उभी करणे, या चार वर्तनांना त्याने धोक्याच्या खुणा मानले. त्यांतही तुच्छता सर्वांत वाईट. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु घटस्फोटाचे भाकीत नव्वद टक्क्यांपर्यंत अचूक येते, अशी जी प्रसिद्धी त्याला मिळाली ती तपासून घ्यायला हवी. ठरावीक काळात शंभरांतली दहाच जोडपी विभक्त होत असतील, तर ‘कोणीच विभक्त होणार नाही’ असे डोळे मिटून सांगणाराही नव्वद टक्के बरोबर ठरतो. शिवाय ज्या जोडप्यांचा शेवट माहीत आहे त्यांच्यावरच सूत्र बसवले आणि त्यांच्यावरच ते तपासले, तर ते बरोबर येणारच. रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ साली हाच आक्षेप घेतला. एका गटावर घडवलेले सूत्र दुसऱ्या, न पाहिलेल्या गटाला लावले तेव्हा त्याची अचूकता चांगलीच घसरते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि गॉटमनची जोडपी आधीच एकत्र राहत होती. त्याने पाहिले ते सुरू झालेल्या संसाराचे दुखणे. अनोळखी दोघांबद्दल त्यावरून काही ठरत नाही.

जीवशास्त्राकडून आलेला दावा थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात क्लाउस वेडेकिंड याने ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावले आणि ४९ स्त्रियांना ते हुंगायला दिले. रोगप्रतिकाराशी निगडित जनुके आपल्याहून वेगळी असलेल्या पुरुषांचा वास स्त्रियांना अधिक बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत उलट झाले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी नाही, आणि प्रत्यक्ष विवाहित जोडप्यांच्या जनुकांत त्याचा ठाम पुरावा मिळालेला नाही. तरीही त्यावर जुळणीच्या चाचण्या विकणारे निघालेच.

या सर्वांपेक्षा निर्णायक काम गेल्या दशकातले आहे. सॅमंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल यांनी २०१७ साली चार-चार मिनिटांच्या परिचयभेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भेटीआधी प्रत्येकाकडून शंभराहून अधिक बाबी भरून घेतल्या होत्या: स्वभाव, मूल्ये, जोडीदाराबद्दलच्या अपेक्षा, स्वतःच्या रूपाबद्दलचे मत. मग संगणकाला या माहितीतून नियम शोधू दिले. त्याला साधी बेरीज-वजाबाकी करण्याचे बंधन नव्हते. गुंतागुंतीचे, माणसाला न सुचणारे संबंधही तो पकडू शकत होता. कोणाला एकूणच माणसे चटकन आवडतात यातला ४ ते १८ टक्के फरक त्याला उलगडला. कोण एकूणच इतरांना आवडतो यातला ७ ते २७ टक्के उलगडला. राहिले ते खरे कोडे. सगळ्यांपेक्षा वेगळी अशी, ह्याच व्यक्तीला त्याच व्यक्तीबद्दल वाटणारी विशेष ओढ. तिच्याबद्दल संगणकाला काहीच सांगता आले नाही.

तीन वर्षांनी याच जोएलच्या पुढाकाराने २९ प्रयोगशाळांतील ४३ अभ्यासांची माहिती एकत्र करून ११,१९६ जोडप्यांचे विश्लेषण झाले. आता प्रश्न संसारातल्या समाधानाचा होता. माणसांच्या स्वतःच्या गुणधर्मांवरून, म्हणजे चिंता, नैराश्य, एकूण आयुष्याबद्दलचे समाधान यांवरून, त्या वेळच्या समाधानातला सुमारे २१ टक्के फरक उलगडला. नात्याबद्दलच्या मतांवरून ४५ टक्के: जोडीदार आपल्याशी बांधलेला आहे असे वाटणे, त्याच्याबद्दल कृतज्ञता, शरीरसुख, भांडणांचे प्रमाण. अभ्यासाच्या अखेरीस या दुसऱ्या गटाचेही बळ १८ टक्क्यांवर आले. कोणाचे समाधान वाढेल आणि कोणाचे ओसरेल, हे तर कोणत्याच बाबीवरून धड सांगता आले नाही. अधिक उपयोगी पडलेल्या बाबी कोणत्या हेही पाहण्यासारखे आहे. जोडीदार आपल्याशी बांधलेला आहे की नाही, हे नाते सुरू झाल्यावरच विचारता येते. स्थळ पाहण्याच्या दिवशी तो रकाना कोराच राहणार.

याच काळात जोड्या जुळवून देणारी संकेतस्थळे जगभर पसरली. मूल्ये, आवडीनिवडी आणि स्वभाव यांच्या सारखेपणावरून जुळणीची टक्केवारी काढणे, ही त्यांची सर्वसाधारण रीत. माणसे धर्म, शिक्षण, राजकीय मते यांत आपल्यासारखा जोडीदार निवडतात हे खरे आहे. पण आधीच एकत्र असलेल्या जोडप्यांत प्रत्यक्ष सारखेपणाचा समाधानाशी संबंध नगण्य निघतो. आपण सारखे आहोत असे वाटणे मात्र समाधानाबरोबर चालते. फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली या व्यवसायाची दीर्घ चिकित्सा केली, तेव्हा गुप्त ठेवलेली ही गणिते इतर मार्गांपेक्षा चांगल्या जोड्या लावतात याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना सापडला नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०१८ साली ‘ई-हार्मनी’ची वैज्ञानिक सिद्धतेचा दावा करणारी जाहिरात थांबवली.

या व्यवसायातूनच एक प्रयोग बाहेर आला, जो त्याच्या पायालाच हात घालतो. ‘ओके-क्युपिड’ या संकेतस्थळाचा सहसंस्थापक क्रिस्टियन रडर याने २०१४ साली जाहीर केले, की त्यांच्या गणिताने ज्यांची जुळणी ३० टक्के निघाली होती अशा काहींना मुद्दाम ९० टक्के असे दाखवले गेले. ही मंडळी एकमेकांशी अधिक बोलू लागली. ग्राहकांना न विचारता हे केले म्हणून टीका झाली आणि ती रास्तच होती. पण भाकीत ऐकल्याने भाकिताचा विषयच बदलतो, हे त्यातून स्वच्छ दिसले. ग्रहणाचे भाकीत ऐकून चंद्र मार्ग बदलत नाही. माणसे बदलतात. पत्रिका छत्तीसपैकी बत्तीस गुणांनी जुळल्याचे ऐकून उंबरठा ओलांडणारी सून आणि ‘मंगळाची’ म्हणून कुजबुजीत घरात आलेली सून यांना सारखा संसार मिळत नाही, आणि त्याचे कारण मंगळ नसतो.

इथे प्रश्नाची दुसरी बाजू उघडी होते. विल्यम जेम्स याने १८९६ सालच्या ‘द विल टू बिलीव्ह’ या निबंधात काही सत्ये अशी असतात की त्यांच्यावर आधी विश्वास ठेवल्याखेरीज ती सत्ये होतच नाहीत, असे मांडले. समोरच्याला मी आवडतो की नाही, हे त्याने दिलेले एक उदाहरण. पुरावा मिळेपर्यंत हातभर अंतरावर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा कोणालाच आवडत नाही. आवडतो असे धरून पुढे आलेला बऱ्याचदा आवडून जातो. घरी आणल्यावर बायको देवदूतच निघेल याची खात्री होईपर्यंत मागणी घालायचे लांबवणारा गृहस्थही त्याच निबंधात भेटतो. ज्याची खात्री त्या गृहस्थाला हवी आहे, त्याचा काही भाग त्याच्या स्वतःच्या वागण्यातून घडायचा आहे. आर्थर अ‍ॅरन याने १९९७ साली याला प्रयोगाची जोड दिली: अनोळखी दोघांनी पाऊण तासात क्रमाने अधिकाधिक खासगी होत जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांना दिली तर त्यांच्यात लक्षणीय जवळीक निर्माण होते. त्या प्रश्नांची संख्या ३६ निघावी हा निव्वळ योगायोग, पण गमतीचा.

यावर एक रास्त प्रतिवाद आहे. आजवरचे अपयश अपुऱ्या माहितीचे असेल. जनुके, मेंदूच्या प्रतिमा, वर्षानुवर्षांचे संभाषण हाती आले तर जुळणीचे भाकीत उद्या जमेलही. चार मिनिटांच्या भेटींवरून ते कायमचे अशक्य ठरत नाही हे कबूल करायला हवे. तरीही या प्रतिवादात एक गृहीतक लपलेले आहे: जुळणी दोघांच्या आत कुठेतरी आधीपासून लिहिलेली आहे, वाचणारा तेवढा तरबेज हवा. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या कथेतही हेच गृहीत होते आणि आकाशवाणीतही. उद्या समुद्रात लढाई होईल हे विधान आजच खरे किंवा खोटे असते का, असे अ‍ॅरिस्टॉटलने विचारले होते; लढाई करणाऱ्यांनी अजून ठरवायचेच असेल तर त्या विधानाला आज पक्का निकाल नाही, असे त्याच्या उत्तराचे प्रचलित वाचन आहे. संसाराचे स्वरूप लढाईपेक्षा अधिक अनिश्चित, कारण तिथे ठरवणारेही बदलत जातात. पंचविसाव्या वर्षी जुळलेली दोन माणसे पंचेचाळिसाव्या वर्षी तीच राहत नाहीत. आजारपण, मूल, नोकरी जाणे, आईवडिलांचे म्हातारपण यांनी त्यांना घडवलेले असते. अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल हिने २०१४ सालच्या पुस्तकात अशा अनुभवांचा विचार केला आहे. ते घेणाऱ्याच्या आवडीनिवडीच बदलून टाकतात, त्यामुळे आधीच्या आवडीनिवडींवरून त्यांचे मोल ठरवता येत नाही.

नियतीवरच्या विश्वासाचाही परिणाम मोजला गेला आहे. रेमंड नी याने १९९८ साली दाखवले, की जोडी मुळातच ठरलेली असते असे मानणाऱ्यांचे नाते सुरुवात गोड झाली तर टिकते, आणि सुरुवातीला खटके उडाले तर लवकर तुटते. हे योग्य माणूस नव्हे, असा निकाल ते चटकन लावतात.

दोघांच्या जुळणीबद्दल विज्ञान ठामपणे बोलते अशी एक जागा मात्र आहे: अपत्याच्या आरोग्याची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रब्बी जोसेफ एकस्टाइन यांनी १९८३ साली ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. टे-सॅक्स या आनुवंशिक रोगाने त्यांची चार मुले गेली होती. कट्टर ज्यू तरुण-तरुणींची रक्ततपासणी होते, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक मिळतो आणि स्थळ पक्के करण्याआधी दोन्ही क्रमांक संस्थेला कळवले जातात. दोघेही एकाच रोगाचे वाहक असतील तरच नकार येतो. जोडी स्वर्गात ठरते यावर ज्या समाजाची श्रद्धा आहे त्यानेच ही व्यवस्था उभारली, आणि त्याला यात विरोध दिसला नाही. आकाशवाणी दैवाकडे, रक्ततपासणी माणसाकडे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली आणि इतर आदिवासी भागांत सिकलसेलचा प्रश्न असाच आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात तपासणी झालेल्यांना कार्ड दिले जाते, ते लग्नाआधी दोघांनी ताडून पाहावे म्हणून.

या कार्डावरचा निष्कर्ष कशाचा आहे, तो कसा काढला आणि कोणी पडताळला, हे उघड असते. दोघांचे सूर जुळतील की नाही याबद्दल ते काही बोलत नाही. पत्रिकेवरून असो की संगणकावरून, जुळणीचे गुण किंवा टक्के सांगणाऱ्याला लग्न ठरवणाऱ्यांनी निदान एवढे विचारावे: हा आकडा किती जोडप्यांवर तपासला, किती वर्षे, आणि न जुळलेल्या जोडप्यांचे पुढे काय झाले?